फोगो बेट: ज्याची गोष्ट त्याला आधी दाखवायची

कॅनडातल्या एका बेटावर कलाकारांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे तिथे राहून काम करायला, जाणार म्हटल्यावर मालवणात घरी मला दोनच प्रश्न विचारले गेले. थंडी किती असते आणि मासे कसले मिळतात? थंडीचं उत्तर सोपं होतं, मी जूनमध्ये निघाले होते. माशांचं उत्तर द्यायचं तर फोगोचा सगळा इतिहासच सांगावा लागतो. आणि तो सांगितल्याशिवाय मी तिथे काय काम केलं हेही कळायचं नाही.

मासा म्हणजे कॉड. फोगो ज्याच्या किनाऱ्याजवळ आहे त्या न्यूफाउंडलंड या मोठ्या बेटावर नुसतं ‘फिश’ म्हटलं की कॉडच समजायचा. बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं. चारशे-पाचशे वर्षं युरोपातल्या बोटी या एका माशासाठी इथे येत राहिल्या, आणि त्यातलीच काही माणसं पुढे किनाऱ्यावर राहून गेली. १९५० नंतर परदेशी फॅक्टरी ट्रॉलर आले, समुद्रातच मासा साफ करून गोठवणाऱ्या मोठ्या बोटी. अंड्यांनी भरलेल्या माद्या थंडीत खोल पाण्यात एकत्र जमतात, तिथेच ते जाळी ओढू लागले. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखून परदेशी बोटी हटवल्या, पण त्यांच्या जागी स्वतःचे ट्रॉलर घातले. किनाऱ्यावर छोट्या होड्या घेऊन जाणारे लोक ओरडून सांगत होते की मासा कमी झालाय, बारीक येतोय. सरकारी शास्त्रज्ञांचे अंदाज मात्र बरेचसे मोठ्या बोटींच्या पकडीवर बेतलेले होते, आणि मासा उरला असेल तिथे मोठ्या बोटी तो शोधून काढतातच. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद झाली. दोन वर्षांसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं. तीस हजारांवर लोकांचा रोजगार एका घोषणेत गेला. ही बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ साल उजाडलं, आणि ती उठवायला हवी होती का यावर अजून भांडणं आहेत.

मधल्या काळात लोकांना घरी खाण्यापुरती सूट होती. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी जायचं, माणशी पाच मासे. मी अशाच एका दिवशी शेजाऱ्यांच्या होडीत होते. हाताने सोडायची दोरी, खाली वजन, जाळं नाही. तीन-चार तरुण पोरं होती, त्यांचे आजोबा सुकाणूवर. आजोबा किनाऱ्यावरची दोन टेकाडं आणि चर्चचं शिखर एका रेषेत आणून जागा धरत होते. पोरांच्या हातात जीपीएस होतं. जागा आजोबांनीच धरली.

आता बेटाबद्दल. फोगो न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ आहे, सुमारे २५ किलोमीटर लांब. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २,१०० च्या आसपास होती. गँडरला विमानातून उतरायचं, गाडीने फेअरवेल नावाच्या धक्क्यावर जायचं आणि तिथून फेरी. वारा चढला की फेरी रद्द. दहाएक गावं, सगळी खाड्यांच्या तोंडाशी. घरं पाण्याकडे बघणारी, मागे उघडा खडक, दलदल आणि स्प्रूसची खुरटी झाडं. माझा मुक्काम टिल्टिंगला होता. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक मच्छीमारांचं हे गाव, आणि बोलण्याला अजून तो हेल आहे.

रेसिडेन्सी फोगो आयलंड आर्ट्सची. ती २००८ पासून चालू आहे. शोरफास्ट ही धर्मादाय संस्था तिच्या मागे आहे. झिटा कॉब ही याच बेटावरच्या मच्छीमाराची मुलगी. फायबर ऑप्टिक्सच्या कंपनीत वरच्या पदावर पोहोचून भरपूर पैसा कमावल्यावर तिने भावांना बरोबर घेऊन ही संस्था काढली. २०१३ मध्ये संस्थेने २९ खोल्यांचं हॉटेल उघडलं. त्यातल्या खुर्च्या, पलंग, गोधड्या बेटावरच्याच लोकांनी घडवलेल्या, आणि उरणारा पैसा बेटाच्याच कामाला लागतो. कलाकारांसाठी चार स्टुडिओ आहेत, गँडरमध्ये जन्मलेल्या आणि आता नॉर्वेत काम करणाऱ्या टॉड सॉन्डर्सने आखलेले. राहायला गावातली डागडुजी केलेली जुनी लाकडी घरं. मला ही रचना फार पटली. स्टुडिओत चालत जावं लागतं, वाटेत माणसं भेटतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तुम्ही कुणाकडे चहाला जाता हे गावाला कळलेलं असतं.

टिल्टिंगचा स्टुडिओ पांढराशुभ्र आहे. खडकाच्या टोकावर, समुद्राच्या बाजूने खांबांवर उचललेला. वीज सौर, ऊब लाकडाच्या शेगडीची. मी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून त्याच्या छापा काढते. प्रेस नव्हता, त्यामुळे कागद ठशावर ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचा. एक छाप निघायला अर्धा तास सहज जातो. खिडकीबाहेर हिमनग सरकत असले तर जास्तच.

अशा रेसिडेन्सीला जाणारे आम्ही बहुतेक जण अर्जात ‘स्थानिक, न सांगितलेल्या गोष्टी’ असं काहीतरी लिहितो. मीही लिहिलं होतं आणि मनापासून लिहिलं होतं. फोगोला मात्र वही-कॅमेरा घेऊन येणारी माणसं नवीन नाहीत. त्यांनी कसं वागायचं याचा धडा तिथे १९६७ मध्येच घालून दिलेला आहे. कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये शिकवावा असा हा धडा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

न्यूफाउंडलंड कॅनडात आलं १९४९ मध्ये. त्यानंतर सरकारचं म्हणणं असं की एवढ्या विखुरलेल्या वस्त्यांना रस्ते, दवाखाने, शाळा पुरवणं परवडत नाही, तेव्हा लोकांनी पैसे घ्यावेत आणि मोठ्या गावांत राहायला यावं. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे ३०० गावं रिकामी झाली, तीस हजारांच्या आसपास माणसं हलली. काहींनी आपली घरं ओंडक्यांवर घालून, पाण्यात तरंगवत नव्या गावी ओढत नेली. फोगोवरही तीच पाळी यायची होती. तेव्हा मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडन, त्यांचे बेटावरचे कार्यकर्ते फ्रेड अर्ल आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचे दिग्दर्शक कॉलिन लो असे एकत्र आले आणि बेटावर चित्रीकरण सुरू झालं.

लोने एक मोठा माहितीपट केला नाही. एक माणूस किंवा एक प्रसंग घेऊन एकेक छोटी फिल्म, अशा पंचवीसहून जास्त फिल्म त्याने केल्या. एकाचं वाक्य कापून दुसऱ्याच्या वाक्याला भिडवायचं, म्हणजे पडद्यावर भांडण छान रंगतं, ही नेहमीची युक्ती त्याने मुद्दाम टाळली. प्रत्येकाचं म्हणणं सलग राहिलं. फिल्म तयार झाली की ती आधी त्या माणसाला दाखवायची. त्याने नको म्हटलेला भाग निघून जायचा. मग त्याची परवानगी घेऊन बेटावरच्या इतर गावांत, शाळांत, सभागृहांत दाखवायची.

त्या काळी गावागावांत बोलणं कमी होतं. अँग्लिकन, कॅथलिक, युनायटेड चर्च असे ख्रिस्ती पंथ, प्रत्येकाची शाळा वेगळी. पडद्यावर दुसऱ्या गावचा माणूस आपलंच रडगाणं गातोय हे बघितल्यावर लोक बोलायला लागले. त्याच वर्षी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. शोल बे गावात मोठ्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. फिल्म प्रांताच्या राजधानीत, सेंट जॉन्सला, मंत्र्यांना दाखवल्या, मत्स्यमंत्र्यांचं उत्तरही चित्रित झालं आणि तेही बेटावर येऊन लोकांनी पाहिलं. बेट रिकामं झालं नाही. सगळं श्रेय कॅमेऱ्याला देणं बरोबर नाही, लोकांची सुधारणा समिती आधीपासून धडपडत होती. सहकारी संस्था आजही चालते. खेकड्यावर प्रक्रिया करते, कॉड बंद पडल्यावर तिनेच बेटाला तारलं. आणि पुढे पंथापंथांच्या वेगवेगळ्या शाळांऐवजी बेटाच्या मध्यावर सगळ्यांची मिळून एक शाळा झाली.

आम्ही कलाकार ज्याला ‘सहभाग’ म्हणतो त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की उद्घाटनाला गावकऱ्यांना बोलावणं जातं. फोगोमध्ये गावकरी पहिले प्रेक्षक होते, आणि कात्री त्यांच्या हातात होती. मी ठरवलं, माझ्या प्रत्येक ठशाची पहिली छाप ज्याची गोष्ट त्याच्या घरी जाईल. तो हो म्हणाला तरच दुसरी निघेल.

काम मी धरलं बायकांच्या हातांचं. होड्या, जाळी, वादळं, बुडालेली माणसं यांच्याबद्दल भरपूर लिहिलं-बोललं गेलंय. पण पकडलेला मासा विकण्याजोगा करायचं काम किनाऱ्यावर व्हायचं, आणि त्यातलं बरंचसं बायका आणि मुलं करत. पाण्यावर खांबांवर उभी लाकडी खोपी असते, तिला स्टेज म्हणतात. तिथे टेबलापाशी एक जण गळा कापतो, दुसरा डोकं आणि आतडी काढतो, तिसरा मणका काढून मासा पुस्तकासारखा उघडतो, आणि मीठ लावणारा वेगळा. काही आठवडे मिठात मुरल्यावर मासा समुद्राच्या पाण्यात धुवायचा आणि फ्लेकवर वाळत घालायचा. फ्लेक म्हणजे वाशांचं मोठं मचाण, वर स्प्रूसच्या फांद्या, खालून वारा खेळता.

माझ्या शेजारी पंच्याऐंशी उलटलेल्या एक आजी होत्या. नाव देत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. बाहेर धुकं होतं, त्यांनी पाव भट्टीत घातला होता. वाळवण कसं करायचं विचारल्यावर त्यांनी खणातून भांडी पुसायची सगळी फडकी काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक फडकं म्हणजे एक मासा. सकाळी मांस वर. ऊन तापलं की सगळे पालथे, कातडं वर, नाहीतर मांस भाजून भगरं होतं आणि त्याला भाव नाही. हे उलटवणं त्या दोन्ही हातांनी करत होत्या. अंगठा शेपटीखाली, बाकीची बोटं पसरून वरच्या कडेला, आणि मनगटाचा एकच झटका. डावा आणि उजवा हात एकाच वेळी दोन वेगळे मासे उलटत. टेबल संपेपर्यंत त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. मग संध्याकाळ झाली असं म्हणाल्या आणि फडक्यांचे छोटे ढीग घातले, कातडं वर, दव लागू नये म्हणून.

माझी आजी खारो बांगडो असाच करायची. मीठ वेगळं, मासा वेगळा, ऊन तर पारच वेगळं, पण खळ्यातून तिचा आवाज यायचा, “ऊन कडक झाला, उलटे घाल गो, नायतर करपतले.” मी हे टिल्टिंगच्या आजींना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, पाऊस आला तर कोण धावायचं? मी म्हटलं, सगळ्या. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडेही पहिला थेंब पडला की पाव भट्टीत, पोर पाळण्यात, सगळं टाकून बायका फ्लेककडे धावत. पूर्ण उन्हाळ्याची कमाई त्या फांद्यांवर पडलेली असायची.

कमाई म्हणजे तरी काय, हेही त्यांनी सांगितलं. शरद ऋतूत मासा व्यापाऱ्याच्या वखारीत जायचा. तिथे प्रतवारी करणारा माणूस एकेक मासा हातात घेऊन कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवायचा. सगळ्यात वरच्या प्रतींत मर्चंटेबल, मग मदेरा, आणि खालच्या प्रतींत वेस्ट इंडिया. ही खालची प्रत पूर्वी कॅरिबियन बेटांवर ऊस पिकवणाऱ्या गुलामांच्या पोटात जायची. भाव व्यापारी ठरवणार. पीठ, काकवी, चहा, मीठ, जाळ्याचं सूत त्याच्याच दुकानातून मोसमाआधी उधारीवर आलेलं असायचं, त्यामुळे हिशेब मिटला की हातात रोकड क्वचितच उरायची. आपल्या किनाऱ्यावर व्यापाऱ्याकडून उचल घेऊन दर्यात उतरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

खातं नवऱ्याच्या नावावर. मासा भाजला तर दोष बायकोचा, चांगला वाळला तर आकडा नवऱ्याच्या पानावर. या बायकांपैकी कित्येकींच्या हातात स्वतःच्या नावाचा पहिला पैसा आला तो १९४९ नंतर, कॅनडा सरकारच्या कुटुंबभत्त्याचा धनादेश मुलांच्या आईच्या नावाने यायला लागल्यावर. आजींच्या आईने त्यातून मुलांसाठी बूट आणले होते. ते आजींना इतके लख्ख आठवत होते की लेसचा रंगसुद्धा त्यांनी सांगितला: तपकिरी, एक बाजू जरा फिकी.

त्यांच्या हातांचा ठसा तयार झाल्यावर मी पहिली छाप घेऊन गेले. चष्मा पुसून त्यांनी खूप वेळ पाहिली आणि म्हणाल्या, माझी बहीण कुठे आहे? फ्लेकवर एकटीने कुणी काम करत नाही. बहीण माझ्यासमोरच असायची, ती तिकडून आणि मी इकडून, आणि मधे भेटायचो. मग त्यांनी बहिणीचे हात कसे होते ते सांगितलं: आखूड बोटं, उजव्या तर्जनीवर सुरीचा वण. मी नव्या लिनोवर चार हात कोरले. ती छाप त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्या मालिकेतलं ते सगळ्यात चांगलं काम आहे असं माझं मत आहे. ते चांगलं झालं कारण माझ्या एकटीच्या डोळ्यांना दोनच हात दिसत होते.

दुसऱ्या एका बाईंनी छाप पाहिली, परत पाकिटात घातली आणि नको म्हणाल्या. त्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. लिनो त्यांना देऊन टाकला. प्रदर्शनात त्या जागी काही लावलं नाही.

एका गोष्टीपाशी मात्र माझा हा नियम अपुरा पडला. टिल्टिंगजवळ टर्पिन्स ट्रेल नावाची पायवाट आहे. खडकांतून, दलदलीवरच्या फळ्यांवरून, क्रोबेरीच्या झुडपांतून सँडी कोव्हच्या पुळणीकडे जाते. तिला नाव मिळालं मायकेल टर्पिनवरून. १८०९ मध्ये त्याला इथे बेओथुक लोकांनी मारलं. न्यूफाउंडलंडचे हे मूळ रहिवासी. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर मासे, सील, पक्ष्यांची अंडी यांवर जगणारे. वसाहती वाढल्या तसा त्यांचा किनारा सुटत गेला, ते आत ढकलले गेले, उपासमार, क्षयरोग आणि गोळीबार यांत संपत गेले. पायवाट टर्पिनची आठवण ठेवते. ज्यांनी त्याला मारलं त्यांची बाजू कुठल्याही पाटीवर मावणारी नाही, कारण ती कुणी विचारली नाही.

एकीने मात्र काढून ठेवली आहे. शानॉडिथिट ही शेवटची ज्ञात बेओथुक स्त्री, १८२९ मध्ये सेंट जॉन्सला क्षयाने वारली. मरणाआधीच्या महिन्यांत तिने विल्यम कॉरमॅक या बेओथुकांचा शोध घेणाऱ्या गोऱ्या प्रवाशासाठी चित्रं काढली. आपल्या लोकांची घरं, खाणं साठवायची पद्धत, आणि १८१९ मध्ये तिच्या नात्यातली डेमास्डुइट पकडली गेली तो प्रसंग, गोठलेल्या तलावावर, वरून पाहिल्यासारखा नकाशा आणि त्यात बारीक माणसं. मी ती चित्रं छापील पुस्तकात पाहिली आणि दोन दिवस माझी सुरी लिनोला लागली नाही. इतकी कमी रेषा, आणि कोण कुठून आलं, कोण कुठे पळालं, सगळं त्यात आहे. त्याच कॉरमॅकने डेमास्डुइट आणि तिच्या नवऱ्याच्या कवट्या थडग्यातून काढल्या आणि त्या एडिंबरोला गेल्या. मिकमॉ या तिथल्या दुसऱ्या मूळ समाजाचे तेव्हाचे प्रमुख मिसेल जो यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२० मध्ये त्या न्यूफाउंडलंडला परत आल्या.

या विषयावर मी ठसा केला नाही. पहिली छाप कुणाच्या दारी न्यायची, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय ती गोष्ट तिने स्वतः, स्वतःच्या हाताने काढलेली आहे. मी एवढंच केलं की गावातल्या सभागृहात ठसे लावले तेव्हा शेवटी शानॉडिथिटबद्दल बोलले, आणि टर्पिन्स ट्रेलवर लहानपणापासून चालणाऱ्या लोकांनी त्यावर बरंच काही सांगितलं. काही जण अस्वस्थ झाले. एक गृहस्थ चिडले, मग थांबले, मग चहाला घरी बोलावलं. ते बोलणं खाजगी होतं.

ठसे दोन संचांत आहेत. एक टिल्टिंगला राहिला, दुसरा माझ्याबरोबर आला. छापायचे लिनो तिथेच ठेवलेत, कारण पुढच्या छापा काढायच्या की नाही हे त्या घरांनी ठरवायचं आहे.

मालवणला परत आल्यावर मी पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत दांडीच्या किनाऱ्यावर फिरत होते. होड्या शाकारलेल्या, जाळी सांधणं चालू. इथेही छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगतायत की पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडीच्या उजेडावर मासेमारी करणाऱ्या बोटी बारीक मासासुद्धा ठेवत नाहीत. त्यांच्या आंदोलनांच्या बातम्या येतात, त्यात होड्या असतात, पुरुष असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचा वाटा कसा पडतो हे कुणीही सांगेल. पण तो वाटा टोपलीत घालून बाजारात नेणारी, उरलेल्याला मीठ लावून खळ्यात घालणारी, उधारी डोक्यात ठेवणारी बाई तिचा हिशेब कसा करायची, हे मला माझ्याच आजीबद्दल पूर्ण सांगता येत नाही. तिला विचारायला ती आता नाही.

म्हणून पुढचं काम इथे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाच्या घरी मासे खारवणारी, सुकवणारी, बाजारात बसणारी आजी, आई, मावशी असेल आणि तिला बोलायची इच्छा असेल, तर मला कळवा. मी घरी येईन, आधी नुसती बसेन. कोळशाने भिंतीवर ओढलेल्या हिशेबाच्या रेघा, मापाची टोपली, जुनी सुरी असं काही जपून ठेवलं असेल तर ते बघायला फार आवडेल. छाप आधी तिच्या हातात येईल. तिने नको म्हटलं तर लिनोसुद्धा तिच्याकडेच राहील.